स्तनांची स्वतपासणी बायकांना कशी शिकवावी: आशा, परिचारिका आणि बचत गटाच्या कार्यकर्त्यांसाठी

स्तनाचा कर्करोग हा भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू झाला. मृत्यूंचा आकडा एवढा मोठा असण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणजे उपचार उशिरा सुरू होणे. या उशिराचा बराचसा काळ घरातच जातो. गाठ हाताला लागलेली असते, पण ती दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते, सांगायची लाज वाटते, आणि सुगी आटोपू दे, मुलीचे लग्न पार पडू दे, असे म्हणता म्हणता महिने निघून जातात. म्हणून स्वतपासणी शिकवताना दोन गोष्टी शिकवायच्या असतात. आपले स्तन एरवी कसे असतात हे डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखणे ही पहिली, आणि त्यात बदल आढळला तर कोणाकडे व किती दिवसांत जायचे हे आधीच ठरवून ठेवणे ही दुसरी. पहिली शिकवून दुसरी सोडून दिली, तर त्या स्त्रीच्या पदरात फक्त भीती पडते.

शिकवणाऱ्या ताईला आधी काय ठाऊक असावे

स्वतपासणीची मर्यादा शिकवणारीने प्रामाणिकपणे समजून घेतली पाहिजे. चीनमधील शांघाय शहरात १९८९ पासून कापड गिरण्यांतील २ लाख ६६ हजारांहून अधिक स्त्री कामगारांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातील एका गटाला स्वतपासणी काळजीपूर्वक शिकवण्यात आली, तर दुसऱ्या गटाला शिकवण्यात आली नाही. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांतील स्तनाच्या कर्करोगाच्या मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. उलट शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठींसाठी अधिक बायोप्सी, म्हणजे गाठीचा लहान तुकडा काढून केलेल्या तपासण्या, झाल्या होत्या. याच्या शेजारी मुंबईचा अनुभव ठेवून पाहावा. टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला, आणि त्यांतील निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या स्त्रियांचा आजार तुलनेने लवकरच्या अवस्थेत सापडल्याचे दिसले, आणि ५० व त्यावरील वयाच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

या दोन अभ्यासांतून मी असा अर्थ घेते की बाईचा स्वतःचा हात हा प्रशिक्षित हाताला आणि यंत्रतपासणीला पर्याय नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याकडून दर पाच वर्षांनी स्तनतपासणी करण्याची तरतूद आहे; ती करून घ्या, असे प्रत्येक वर्गात आवर्जून सांगावे. ज्यांच्या आईला किंवा बहिणीला कमी वयात स्तनाचा अथवा बीजकोशाचा कर्करोग झाला आहे, त्यांनी कोणत्या वयापासून कोणती तपासणी करावी हे डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलून ठरवावे. मात्र दोन तपासण्यांमधल्या काळात किंवा जिथे तपासणी पोहोचलीच नाही तिथे, बदल सर्वांत आधी लक्षात येतो तो त्या बाईच्याच. तो तिला ओळखता यावा आणि ओळखल्यावर तिने थांबू नये, एवढ्यासाठी हे शिकवायचे आहे. “महिन्यातून एकदा केले नाही तर पाप लागेल” अशा सुरात ते कधीही शिकवू नये, कारण एखादा महिना चुकला म्हणून काही बिघडत नाही.

विशीपासून पुढच्या सर्व स्त्रियांना हे शिकवता येते. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने सरासरी दशकभर लवकरच्या वयात दिसतो. त्यामुळे चाळिशीच्या आसपासच्या बायका “अजून माझे वय झालेले नाही” म्हणून मागे बसत असतील, तर त्यांना आग्रहाने पुढे बसवावे.

जागा, वेळ आणि भाषा

आठ ते बारा जणींचा गट योग्य असतो. सभागृहात शंभर बायकांपुढे ध्वनिक्षेपकावर दिलेले भाषण कानांवरून जाते, बोटांपर्यंत पोहोचत नाही. अंगणवाडीची खोली मुले घरी गेल्यानंतर किंवा शाळेचा वर्ग सुटीच्या दिवशी मिळाला तर उत्तम. दाराला आतून कडी लागते का, खिडकीला पडदा आहे का, हे आदल्या दिवशी जाऊन पाहावे. दुपारची कामे उरकल्यानंतरचा एक ते दीड तास बायकांना सोयीचा पडतो. त्या वेळात पुरुष कर्मचारी, सरपंच किंवा छायाचित्रकार कोणीही आत येणार नाही, हे आयोजकांकडून आधीच कबूल करून घ्यावे. मोबाइल पिशवीत ठेवायला सांगावे आणि त्याचे कारणही सांगावे.

शब्दांच्या बाबतीत सरळपणा ठेवावा. बायका आपसांत “छातीला गाठ” म्हणतात, स्तनाग्राला “बोंडी” म्हणतात. त्याच शब्दांनी सुरुवात करावी आणि बोलता बोलता “स्तन” हा शब्द दोन-चार वेळा सहज उच्चारावा, म्हणजे दवाखान्यात तो उच्चारताना त्यांची जीभ अडखळणार नाही. सासू आणि सून एकाच गटात असतील तर सून प्रश्न विचारत नाही, असे बहुधा घडते. शक्य असल्यास वयानुसार वेगळे गट करावेत, नाहीतर शेवटी प्रत्येकीशी एकेकटे बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा.

एक नियम कडक पाळावा: वर्गात शिकवणारीने कोणाच्याही अंगाला हात लावायचा नाही आणि कोणालाही कपडे काढायला सांगायचे नाही. प्रात्यक्षिक स्वतःच्या अंगावर, ब्लाऊज किंवा कुर्त्यावरून दाखवावे. एखादीने “ताई, जरा माझे बघा ना” असे म्हटले आणि आपण प्रशिक्षित परिचारिका नसलो, तर तिला परिचारिकेकडे न्यावे, पण अंदाज सांगू नये.

बोटांच्या सरावासाठी कणकेचा नमुना

सिलिकॉनचे नमुने बाजारात मिळतात, पण ते महाग असतात आणि खेड्यात हाताशी नसतात. त्याऐवजी तेलाचा हात लावून अगदी सैल भिजवलेल्या कणकेचा, दोन बोटे जाडीचा गोळा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पोळपाटावर पसरावा. त्यात एक वाळलेला वाटाणा पृष्ठभागाजवळ, एक हरभरा मधोमध आणि एक तुरीचा दाणा अगदी तळाशी, पोळपाटाला टेकेल असा लपवावा. दुसऱ्या पिशवीत काहीही घालू नये. कोणत्या पिशवीत काय आहे हे न सांगता प्रत्येकीने दोन्ही चाचपून पाहावे. हलक्या हाताने फिरणाऱ्या बाईला वरचा वाटाणा लागतो आणि तळाचा दाणा निसटतो. तो घट्ट दाबाशिवाय सापडत नाही हे तिला स्वतःच्या बोटांनी कळले, की तीन प्रकारच्या दाबांवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. ही कणीक लगेच वापरायची असते. ती आंबली की नमुना फसवा होतो.

तपासणी कधी करायची

पाळी सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून मोजून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान स्तन सर्वांत मऊ असतात आणि दुखत नाहीत, म्हणून तपासणी त्या दिवसांत करावी. पाळीच्या आधीच्या आठवड्यात बऱ्याच जणींचे स्तन जड, ठणकणारे आणि खडबडीत लागतात. तेव्हा तपासले तर उगाच घबराट होते. पाळी गेलेल्या, गर्भाशय काढलेल्या, गरोदर आणि अनियमित पाळी असलेल्या स्त्रियांनी महिन्याचा एक दिवस ठरवून घ्यावा. तारीख ध्यानात राहत नसेल, तर ज्या संकष्टी करतात त्यांनी संकष्टीचा दिवस धरावा, इतरांनी बचत गटाच्या बैठकीचा किंवा पगाराचा. अंगावर पाजणाऱ्या आईने बाळाचे पिऊन झाल्यावर तपासावे, कारण दुधाने भरलेल्या स्तनात काहीच नीट कळत नाही.

पहिली पायरी: डोळ्यांनी पाहणे

कंबरेपर्यंतचे कपडे बाजूला करून भरपूर उजेडात आरशासमोर उभे राहावे. कित्येक घरांत मोठा आरसा नसतो. हातात मावणारा छोटा आरसा एकेका स्तनासमोर धरून पाहिले तरी चालते. आधी दोन्ही हात बाजूला सैल सोडून पाहावे. मग हात कंबरेवर ठेवून जोराने आत दाबावेत; त्यामुळे छातीचा स्नायू आवळला जातो आणि त्वचा आत ओढली जात असेल तर तिथे खळी दिसते. त्यानंतर दोन्ही हात डोक्यावर नेऊन आणि शेवटी थोडे पुढे वाकून पाहावे. स्तन मोठे असतील तर ते हाताने उचलून खालची घडीही बघावी.

पाहायचे काय, हे नेमके सांगावे: एका स्तनाच्या आकारात नव्याने झालेला फरक, त्वचेवर खळी किंवा सुरकुती, संत्र्याच्या सालीसारखी जाड व छिद्रे दिसणारी त्वचा, न जाणारी लाली, जखम, आणि पूर्वी बाहेर असलेले पण आता आत ओढले गेलेले स्तनाग्र. एकाच स्तनाग्रावर खरजेसारखा पट्टा असेल आणि तो मलमाने बरा होत नसेल, तर त्याकडेही लक्ष द्यावे. दोन्ही स्तन अगदी सारखे कोणाचेच नसतात आणि कित्येकींची स्तनाग्रे वयात आल्यापासूनच आत असतात. जन्माचा फरक आणि नवा फरक यांतली ही ओळख बायकांना पटवून द्यायला वेळ द्यावा, कारण अर्धी भीती इथेच कमी होते.

दुसरी पायरी: पडून हाताने तपासणे

हा तपासणीचा गाभा आहे. उताणे पडल्यावर स्तन छातीवर पसरतो, पातळ होतो, आणि आतले बदल बोटांना कळतात. उजवा स्तन तपासताना उजव्या खांद्याखाली उशी किंवा साडीची जाड घडी ठेवावी, उजवा हात डोक्याखाली घ्यावा आणि डाव्या हाताने तपासावे. स्तन मोठे असतील तर बाहेरचा अर्धा भाग तपासताना अंग किंचित डाव्या कुशीकडे वळवावे आणि आतल्या भागासाठी पुन्हा पाठीवर यावे. बोटांना थोडे खोबरेल तेल लावले तर ती सहज सरकतात.

तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे जुळवून सरळ ठेवावीत आणि त्यांच्या शेवटच्या पेरांचा मऊ, सपाट भाग वापरावा. टोके आणि नखे वापरू नयेत. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत स्तन धरणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण चिमटीत धरलेला कोणताही स्तन गाठीसारखाच लागतो. वर्गात ही चूक मुद्दाम करून दाखवावी.

सुरुवात काखेपासून करावी. गळ्याखालच्या आडव्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीच्या थोडे खालीपर्यंत सरळ रेषेत उतरावे, मग बोटभर आत सरकून पुन्हा वर जावे, आणि अशा उभ्या रेषांनी छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोहोचावे. काही ठिकाणी गोलाकार पद्धत शिकवतात, पण उभ्या रेषांत कडेचा भाग सुटण्याची शक्यता कमी असते, म्हणून मी तीच शिकवण्याचा आग्रह धरते. प्रत्येक जागी बोटे न उचलता तीन लहान वर्तुळे फिरवावीत. पहिले हलक्या दाबाने, फक्त त्वचेखालचे जाणवेल इतके. दुसरे मध्यम दाबाने. तिसरे घट्ट दाबाने, खालची बरगडी लागेपर्यंत. काखेच्या बाजूचा वरचा भाग सावकाश तपासावा, कारण स्तनाच्या ऊती तिथे सर्वांत जास्त असतात आणि निम्म्याच्या आसपास कर्करोग त्याच भागात सापडतात. दोन्ही बाजू मिळून दहा-पंधरा मिनिटे लागतात. तीन मिनिटांत उरकलेली तपासणी नीट झालेली नसते.

त्यानंतर उठून बसावे. हात पूर्ण वर न करता थोडासाच उचलावा, कारण हात वर ताणला की काखेची कातडी घट्ट होते. काखेच्या खळगीत बोटे खोलवर नेऊन बरगड्यांवर दाबत खाली आणावीत, आणि गळ्याच्या हाडाच्या वरची-खालची जागाही चाचपावी. स्तनाग्र पिळून पाहण्याची गरज नाही. ब्लाऊज किंवा ब्रेसियरवर आपोआप डाग पडतो का, विशेषतः रक्ताचा किंवा पाण्यासारखा, आणि तो एकाच बाजूने येतो का, एवढे पाहणे पुरेसे आहे.

एकाच खोलीच्या घरात हे कसे जमायचे, हा प्रश्न येतो आणि तो अगदी रास्त असतो. हाताची तपासणी रात्री दिवा मालवून, पांघरुणाखालीही होते. पाहण्याचे काम न्हाणीघरात उरकावे. साबणाच्या हाताने उभ्यानेही चाचपता येते, पण ती पूरक पद्धत आहे; स्तनाचा खालचा आणि खोल भाग उभ्याने नीट लागत नाही.

नेहमीचे काय आणि दाखवण्यासारखे काय

स्तन आतून एकसारखा गुळगुळीत नसतो. त्यात दाणेदार, दोरीसारखा भाग लागतो, खालच्या घडीजवळ एक कडक कड लागते, आणि बारीक अंगाच्या स्त्रीला बरगडीच गाठ वाटते. शंका आल्यास दुसऱ्या स्तनात आरशातल्यासारख्या समोरच्या जागी चाचपावे. तिथेही तसेच लागत असेल तर ते बहुधा नेहमीचे असते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत निदान करायचे नसते, ओळख करून घ्यायची असते, हे बायकांना स्पष्ट सांगावे.

नवी गाठ, आजूबाजूपेक्षा वेगळा घट्ट भाग, काखेतील गाठ आणि पहिल्या पायरीत सांगितलेले बदल हे दाखवण्यासारखे आहेत. दुखते म्हणून कर्करोग आणि दुखत नाही म्हणून काही नाही, हे दोन्ही समज खोडून काढावेत. सुरुवातीची कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. त्याच वेळी हेही ठामपणे सांगावे की हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये बोटाखाली सरकणारी फायब्रोअ‍ॅडेनोमाची गाठ आणि मध्यम वयात पाण्याची गाठ ही नेहमीची उदाहरणे आहेत. पण कोणती गाठ साधी आहे हे बाईने, शेजारणीने किंवा आशा ताईने ठरवायचे नाही.

गाठ लागली तर

पाळी येणाऱ्या तरुण स्त्रीला पाळीच्या आधी काही लागले, तर पाळी संपल्यावर एकदा पुन्हा पाहावे आणि ते तसेच राहिले असेल तर दाखवावे. पस्तिशीच्या पुढे, पाळी गेल्यावर, किंवा त्वचेत अथवा स्तनाग्रात बदल असल्यास एका आठवड्याच्या आत जावे. अंगावर पाजणाऱ्या आईची लाली आणि सूज औषधाने आठ-पंधरा दिवसांत उतरली नाही, तर “दूध साकळले असेल” एवढ्यावर न थांबता पुढील तपासणी मागावी. दरम्यान गाठ रोज दाबू नये, चोळू नये, शेकू नये आणि लेप लावू नये.

प्रत्येक वर्गाच्या शेवटी त्या भागातला मार्ग फळ्यावर लिहून द्यावा: उपकेंद्रात कोणत्या वारी कोण भेटते, ग्रामीण रुग्णालयात स्त्री डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, सोनोग्राफी व मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) जवळ कुठे होते. ही माहिती आदल्या आठवड्यात स्वतः विचारून खात्री केलेली असावी. तिथे काय होईल तेही सांगावे. डॉक्टर आधी हाताने तपासतात. मग साधारणपणे चाळिशीच्या आतल्या स्त्रीची सोनोग्राफी आणि त्यापुढे मॅमोग्राफी होते, आणि गरज पडल्यास फक्त त्या जागेपुरती भूल देऊन सुईने लहानसा तुकडा काढतात. “सुई लावली की कॅन्सर पसरतो” हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. तुकड्याच्या तपासणीशिवाय योग्य उपचार ठरवता येत नाही. आजार निघाला तरी स्तन नेहमीच काढावा लागतो असे नाही. लवकर सापडल्यास अनेकदा फक्त गाठ काढून स्तन राखता येतो. खर्चाच्या चिंतेने बायका घरीच बसतात, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा समावेश आहे हे सांगावे, आणि रेशन कार्ड व आधार कार्ड सोबत न्यायला सांगावे. मुंबईत परळचे टाटा रुग्णालय, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि बार्शीत नर्गिस दत्त रुग्णालय ही केंद्रे बऱ्याच जणींनी ऐकलेली असतात, पण पहिल्या तपासणीसाठी तिथवर जाण्याची वाट पाहू नये.

शिकले की नाही, हे कसे पाहावे

“समजले का?” या प्रश्नाला सगळ्याच जणी माना डोलावतात. त्याऐवजी प्रत्येकीकडून कणकेच्या नमुन्यावर रेषा आणि तीन दाब करून घ्यावेत, आणि मग तिने कपड्यांवरूनच स्वतःच्या अंगावर सुरुवात कुठून व शेवट कुठे हे दाखवावे. तुमची पाळी कधी आली होती, म्हणजे तुम्ही कोणत्या तारखेला तपासाल, हे तिच्याच तोंडून वदवून घ्यावे. अक्षरओळख नसलेल्या बाईला कागदावर दोन वर्तुळे काढून द्यावीत. काही लागले तर त्या जागी ठिपका द्यायचा आणि तोच कागद परिचारिकेला दाखवायचा.

महिन्याभराने त्याच गटाला पुन्हा भेटावे. कोणी केले, कोणाला जमले नाही आणि का, एवढेच विचारावे. न केलेल्या बाईला सर्वांसमोर बोलू नये. एखादीने एकेकटी गाठून गाठीबद्दल सांगितले, तर तिचे नाव गावात कोणालाही कळू देऊ नये, तिच्यासोबत दवाखान्यात जाण्याचा दिवस तिथल्या तिथे ठरवावा, आणि घरी सांगायला ती घाबरत असेल तर नवऱ्याशी किंवा सासूशी बोलायला आपण येऊ का, हे तिलाच विचारावे. चिठ्ठीवर गाठ कोणत्या बाजूला आहे, किती दिवसांपासून आहे, शेवटची पाळी कधी आली, ती अंगावर पाजते का आणि माहेरी कोणाला असा आजार झाला होता का, एवढे लिहून द्यावे. ठरलेल्या दिवसानंतर आठवड्याभरात ती खरोखर तपासून आली का, याची तिच्या घरी जाऊन चौकशी करावी, आणि अहवाल यायचा असेल तर तो आणायची तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी.